टेस्टोस्टेरोन

टेस्टोस्टेरोन : पुरुषाच्या वृषणांत मुख्यत्वे तयार होणारे व पुरुषी शरीरलक्षणांच्या विकासास कारणीभूत होणारे हॉर्मोन (ग्रंथीतून थेट रक्तात मिसळून दूरच्या अवयवांवर परिणाम करणारा रासायनिक पदार्थ). ते स्टेरॉइड वर्गातील असून कोलेस्टेरॉलापासून तयार होते. त्याच्या रेणूत कार्बनाचे १९, हायड्रोजनाचे २८ व ऑक्सिजनाचे २ अणू असतात. स्त्रियांच्या शरीरातही अंडकोश व अधिवृक्क ग्रंथी यांपासून ते अल्प प्रमाणात निर्माण होते. त्यामुळे त्याला केवळ ‘पुरुषाचे हॉर्मोन’ म्हणणे शास्त्रदृष्ट्या अपुरे आहे. गर्भावस्थेत व यौवनारंभी शरीराला आकार देण्याचे त्याचे कार्य आज बरेचसे स्पष्ट झाले आहे. मानवी वर्तनावरील त्याचा प्रभाव मात्र लोकसमजुतीत मानला जातो तितका सरळ नाही.

पूर्वज्ञान व शोध : वृषण काढले किंवा निकामी केले असता प्राण्याचे शरीर व स्वभाव बदलतो, हे ज्ञान शेतीइतकेच जुने आहे. कोल्हापूरलगतच्या कसबा बावडा, वडणगे यांसारख्या ऊसपट्ट्यातील गावांत बेंदराला ज्यांची पूजा होते ते बैल आणि देवाच्या नावाने सोडलेला वळू यांत जन्मतः काहीच फरक नसतो. गोऱ्ह्याला ठेचून अथवा बडवून, म्हणजे खच्ची करून, त्याचा बैल करतात. पुढे या कामासाठी कातडी न फाडता वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिरडणारा बर्डिझो चिमटा आला. बैल जुवाखाली निमूटपणे चालतो, तर वळूला आवरणे कठीण जाते. मात्र खोंड फार लहान असताना खच्ची केला, तर त्याची मान व वशिंड भरत नाही, म्हणून काही काळ थांबण्याची रीत आहे. कृती तीच असली, तरी ती केव्हा केली यावर परिणाम अवलंबून असतो, हे तत्त्व या रीतीत अनुभवाने सापडलेले दिसते. प्रयोगशाळेला ते फार उशिरा गवसले. ‘खच्चीकरण’ हा शब्द मराठीत उमेद मारण्याच्या अर्थाने रूढ झाला, यावरून वृषण व हिंमत यांची सांगड लोकमनात किती घट्ट बसली आहे, हे कळते.

वृषणांचा प्रभाव मज्जातंतूंमार्फत नव्हे, तर रक्तामार्फत पसरतो, हे गटिंगेन येथील आर्नोल्ट बेर्टोल्ट यांनी १८४९ मध्ये कोंबड्यांवरील प्रयोगांनी दाखविले. वृषण काढलेल्या कोंबड्यांचे तुरे वाढले नाहीत व त्यांनी आरवणे आणि झुंजणे सोडले. परंतु काढलेले वृषण पोटाच्या पोकळीत दुसऱ्याच जागी रुजविले, तेव्हा ती लक्षणे टिकून राहिली. १८८९ मध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या प्रख्यात शरीरक्रियावैज्ञानिकांनी कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचे जाहीर केले. वृषणांत हॉर्मोनाचा साठा होत नाही व पाण्यातील अर्कात ते फारसे उतरतही नाही. त्यामुळे त्यांना जाणवलेली तरतरी ही श्रद्धेचीच असावी, असे आज मानले जाते. शिकागो येथे १९२७ मध्ये फ्रेड कॉक व लेम्युएल मॅगी यांनी बैलवर्गीय नरांच्या सुमारे १८ किग्रॅ. वृषणांतून अवघा २० मिग्रॅ. क्रियाशील अर्क मिळविला. शुद्ध हॉर्मोन १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील एर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेत वळूंच्याच वृषणांपासून वेगळे करण्यात आले व त्याचे आजचे नावही तेथेच पडले. त्याच वर्षी आडोल्फ बूटेनांट व लेओपोल्ड रुझिच्का यांनी ते कृत्रिम रीत्या तयार केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

निर्मिती व नियंत्रण : वृषणातील शुक्रनलिकांच्या मधल्या जागेत असलेल्या लायडिख कोशिकांत हे हॉर्मोन तयार होते. प्रौढ पुरुषात रोज सुमारे ५ ते ७ मिग्रॅ., म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या वजनाहूनही कमी, इतकीच निर्मिती होते. मेंदूतील अधोथॅलॅमस भाग साधारण दीड तासाच्या अंतराने संकेत सोडतो, त्यामुळे पोष ग्रंथी उद्दीपित होते व तिच्या हॉर्मोनामुळे वृषण कामाला लागतात. रक्तातील टेस्टोस्टेरोन वाढले की अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी आपले संकेत कमी करतात. बाहेरून हॉर्मोन टोचले, तर वृषण आपले काम का थांबवितात, याचे उत्तर या उलट-नियंत्रणात आहे. रक्तातील बहुतेक हॉर्मोन प्रथिनांना बांधलेले असून सुमारे २ टक्केच मुक्त असते. प्रौढ पुरुषात दर १०० मिलि. रक्तरसात साधारणतः ३०० ते १,००० नॅनोग्रॅम, तर स्त्रीत १५ ते ७० नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरोन आढळते. पहाटे व सकाळी ते सर्वाधिक असते, म्हणून तपासणीसाठी रक्त सकाळी घेतात. [→ अंतःस्रावी ग्रंथी, हॉर्मोने].

गर्भावस्थेतील कार्य : पहिले सहा आठवडे मानवी गर्भ लिंगदृष्ट्या तटस्थ असतो. त्याच्यात जननग्रंथीची एक सामाईक पूर्वपिंडी व नलिकांच्या दोन जोड्या असतात. त्यांपैकी वुल्फ नलिकांपासून पुरुषाचे, तर म्यूलर नलिकांपासून स्त्रीचे अंतर्गत जननमार्ग बनू शकतात. वाय गुणसूत्रावरील, १९९० मध्ये शोधल्या गेलेल्या, एका जीनामुळे पूर्वपिंडीचा वृषण होतो. आठव्या आठवड्याच्या सुमारास हा इवलासा वृषण टेस्टोस्टेरोन स्रवू लागतो. त्यामुळे वुल्फ नलिका टिकतात व त्यांपासून रेतवाहिन्या बनतात. म्यूलर नलिका नाहीशा करणारे हॉर्मोन निराळे असून तेही वृषणातूनच येते. पॅरिस येथील आल्फ्रेड जॉस्ट यांनी १९४७ मध्ये सशाच्या गर्भांतील जननग्रंथी गर्भाशयातच काढून टाकल्या, तेव्हा गुणसूत्रे कोणतीही असोत, सर्व पिलांचे जननमार्ग मादीचे बनले.

बाह्य जननेंद्रियांचा आकार ठरविणारे खरे द्रव्य टेस्टोस्टेरोन नसून त्यापासून ५-अल्फा-रिडक्टेज या एन्झाइमामुळे होणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरोन होय. डोमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास या गावी काही कुटुंबांत या एन्झाइमाची आनुवंशिक उणीव असल्याचे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. या कुटुंबांतील काही मुले जन्मतः मुली समजली जाऊन वाढविली गेली. बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांचा आवाज घोगरा झाला, स्नायू भरले व शिश्नाची वाढ झाली. यौवनारंभी टेस्टोस्टेरोनाचा जो लोंढा येतो तो या बदलांस पुरेसा होता, पण गर्भावस्थेतील कार्य त्या एन्झाइमावाचून अडले होते.

याच्या उलट प्रकारही आढळतो. काही व्यक्तींत एक्स व वाय अशी गुणसूत्रे, पोटात वृषण व रक्तात भरपूर टेस्टोस्टेरोन असते, परंतु ते ग्रहण करणारे कोशिकांतील प्रथिन सदोष असते. अशा व्यक्तीचे बाह्यरूप पूर्णपणे स्त्रीचे असते आणि पाळी का येत नाही याचा शोध घेताना प्रथमच ही गोष्ट उघड होते. हॉर्मोन म्हणजे केवळ निरोप असून तो ऐकणारी कोशिका नसेल, तर निरोपाचा जोर कितीही असला तरी व्यर्थ जातो, हे यावरून स्पष्ट होते. पाळी न आलेल्या मुलीला दोष देण्याची व तिच्या आईला बोल लावण्याची जी वृत्ती समाजात दिसते, तिला या ज्ञानाने कोणताही आधार उरत नाही.

जन्मानंतर पहिल्या तीन महिन्यांत मुलग्याच्या रक्तात हे हॉर्मोन पुन्हा एकदा वाढते आणि सहाव्या महिन्यापर्यंत ओसरते. त्यानंतर सुमारे दहा वर्षे मुलगे व मुली यांच्यातील टेस्टोस्टेरोनाच्या पातळीत फारसा फरक नसतो. खोडकर मुलाच्या दंग्याचे खापर त्या वयात वाहणाऱ्या हॉर्मोनावर फोडता येत नाही, ते यामुळेच. मात्र गर्भावस्थेतील हॉर्मोनाचा ठसा मेंदूवर उमटतो काय, हा प्रश्न उरतो. १९५९ मध्ये अमेरिकेत फीनिक्स, गॉय, जेराल व यंग यांनी गाभण गिनीपिगांना टेस्टोस्टेरोन दिले असता मादी पिलांचे पुढील लैंगिक वर्तन कायमचे बदलल्याचे दाखविले. यातून हॉर्मोनाच्या घडण करणाऱ्या व चालना देणाऱ्या अशा दोन प्रकारच्या कार्यांची कल्पना पुढे आली. मानवात असा प्रयोग करता येत नाही. पण अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात विकारात मुलीच्या गर्भाला अशी हॉर्मोने अधिक मिळतात. या मुली गाड्या व ठोकळे यांसारखी मुलग्यांची समजली जाणारी खेळणी इतर मुलींपेक्षा अधिक वेळ खेळतात, असे १९९२ पासूनच्या अनेक अभ्यासांत आढळले आहे. तरीही त्यांतील बहुसंख्य मुली स्वतःला स्त्री मानूनच मोठ्या होतात.

यौवनारंभ : साधारण दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान अधोथॅलॅमसाचे संकेत पुन्हा जोरात सुरू होतात. प्रथम वृषण मोठे होतात, मागाहून शिश्न, केस, स्नायू व उंची वाढते. स्वरयंत्राच्या कूर्चा वाढून स्वरतंतू लांब व जाड होतात, त्याला ‘आवाज फुटणे’ म्हणतात. स्त्रीभूमिका मुलांनी करण्याच्या काळात हा शरीरधर्म संगीत नाटक मंडळ्यांच्या पोटावर येणारा होता. बालवयात संगीत शारदा नाटकातील शारदेच्या भूमिकेने गाजलेले कोल्हापूरचे केशवराव भोसले यांच्यासारख्या गायक-नटांना स्त्रीभूमिका व पुरुषी शरीर यांच्यातील हा पूल ओलांडावा लागला. युरोपात आवाज फुटू नये म्हणून मुलांना खच्ची करून गायक बनविण्याची क्रूर चाल काही शतके होती. त्या मानाने मराठी रंगभूमीने आवाज फुटू दिला व गायकी बदलून घेतली.

उंचीबाबत एक चमत्कारिक गोष्ट आहे. हाडांची वाढ थांबविण्याचे काम टेस्टोस्टेरोन स्वतः करीत नाही. त्याचा काही भाग इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनात रूपांतरित होतो व तेच हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या बंद करते. इस्ट्रोजेन ग्रहण करू न शकणाऱ्या एका पुरुषाची उंची २८ व्या वर्षी २०४ सेंमी. असून ती वाढतच होती, असे १९९४ मध्ये नोंदले गेले. लहानपणी खच्ची केलेल्या जनावरांचे पाय लांब का होतात, हेही यावरून समजते.

तालीम, ब्रह्मचर्य व वीर्यविषयक समजुती : महाराष्ट्रात पुरुषी बळाचा विचार तालमीवाचून पुरा होत नाही आणि तालमींचा विचार कोल्हापुरावाचून. कोल्हापूर शहराच्या उत्तरेस पंचगंगेच्या काठी वसलेल्या कसबा बावडा येथील लक्ष्मी-विलास वाड्यात २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. मल्लविद्येला त्यांनी राजाश्रय दिला. १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिल्यानंतर त्यांनी कोल्हापुरात खासबाग हे कुस्तीचे मैदान बांधविले. ते १९१२ मध्ये पुरे झाले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींत पुढे देशभर नाव झालेले मल्ल घडले. हेलसिंकी येथील १९५२ च्या ऑलिंपिक सामन्यांत ब्राँझपदक मिळविणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते.

तालमीच्या शिस्तीत लंगोटाला विशेष स्थान आहे. ‘लंगोटाचा पक्का’ हे मल्लाचे भूषण समजले जाते. यामागे आयुर्वेदातील सप्तधातूंची कल्पना आहे : रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा व शेवटी शुक्र. शुक्र हे अन्नाचे अंतिम सार, म्हणून ते राखले तर बळ राखले, असा तर्क वस्ताद पिढ्यान्‌पिढ्या पठ्ठ्यांना सांगत आले. दूध, तूप, बदामाची थंडाई हा खुराक आणि पहाटेचे जोर-बैठका यांतून जे मिळवायचे ते एका स्खलनात जाते, अशी भीती त्यातून निर्माण झाली.

शरीरक्रियाविज्ञानाच्या कसोटीवर हा तर्क टिकत नाही. रेताचा बहुतेक भाग रेताशय व अष्ठीला ग्रंथी यांच्या स्रावांचा असतो व शुक्राणूंचा वाटा अल्प असतो. टेस्टोस्टेरोन रेतमार्गाने नव्हे, तर थेट रक्तात जाते. त्यामुळे स्खलनाबरोबर त्याचा साठा रिता होत नाही आणि ते रोखल्याने साठाही होत नाही. तथापि या समजुतीने घडविलेला त्रास खरा आहे. ‘धातू जाते’ या भयाने थकवा, उदासी व निद्रानाश घेऊन येणारे तरुण भारतातील मानसोपचारतज्ज्ञांना वारंवार भेटतात, डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या लक्षणसमूहास ‘धात’ असे नावच दिले. अशा तरुणाच्या वृषणात वा हॉर्मोनात बहुधा कोणताही बिघाड नसतो. बिघाड असतो तो त्याला सांगितलेल्या गोष्टीत. मराठीत र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिकातून ब्रह्मचर्याविषयीच्या अशा रूढ समजुतींवर टीका केली आणि त्यापायी खटले व निंदा सोसली. त्यांचे लेखन वाचनालयांच्या कपाटांत गेले, परंतु भिंतींवरील ‘गुप्तरोग’ तज्ज्ञांच्या जाहिराती अजून पुसल्या गेलेल्या नाहीत.

तालमीचे सगळेच चुकीचे होते, असे मात्र नाही. रात्री लवकर झोप, दुपारची विश्रांती, तंबाखू व दारू यांना मज्जाव या नियमांचा हॉर्मोनावर अनुकूल परिणाम होतो. दहा तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले असता त्यांच्या दिवसाच्या टेस्टोस्टेरोनाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घटल्याचे शिकागो येथे २०११ मध्ये आढळले. उलट वजनगटात बसण्यासाठी उपासमार करून वजन उतरविणाऱ्या मल्लांत शरीरातील वसा फार घटली की टेस्टोस्टेरोनही घटते, असे १९८५ मधील अमेरिकन अभ्यासातून दिसले. मातीवरच्या जुन्या कुस्तीत जोड वस्तादांच्या नजरेने ठरे. गादीवरच्या कुस्तीबरोबर वजनाचा काटा आला, तेव्हा ही नवी अडचण सोबत आली.

वर्तनावरील प्रभाव : टेस्टोस्टेरोन जास्त म्हणून माणूस भांडखोर, हे समीकरण लोकप्रिय असले, तरी त्याला मिळणारा पुरावा दुर्बळ आहे. अनेक अभ्यास एकत्र केले असता रक्तातील पातळी व आक्रमकता यांचा संबंध असतो, पण तो फार क्षीण असतो. कारागृहातील भांडखोर कैद्यात हॉर्मोन जास्त आढळले, तरी भांडणामुळे हॉर्मोन वाढले की हॉर्मोनामुळे भांडण झाले, हे एका रक्त-तपासणीने सांगता येत नाही. खच्ची केलेल्या बैलाचे उदाहरणही मानवाला जसेच्या तसे लागू पडत नाही. मध्ययुगीन दरबारांतील खोजे सैन्याचे नेतृत्व करीत व कारस्थानेही रचीत. अलाउद्दीन खल्जीचा सेनापती मलिक काफूर याने दक्षिणेत, देवगिरीच्याही पलीकडे, स्वाऱ्या केल्या.

पक्ष्यांच्या निरीक्षणातून १९९० मध्ये जॉन विंगफील्ड व त्यांचे सहकारी यांनी एक उपपत्ती मांडली. हॉर्मोन नेहमीच उंच पातळीवर नसते. प्रतिस्पर्ध्याचे आव्हान आले की ते वाढते आणि पिलांच्या संगोपनाच्या काळात उतरते. मानवातही असेच काहीसे घडते, असे अनेक निरीक्षणांवरून दिसते. अमेरिकन महाविद्यालयीन मल्लांच्या १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कुस्तीनंतर दोघांचेही टेस्टोस्टेरोन वाढले, परंतु जिंकणाऱ्याचे अधिक. म्हणजे येथे हॉर्मोन हे विजयाचे कारण नसून फळ होते. याहून लक्षणीय गोष्ट प्रेक्षकांची आहे. १९९४ च्या विश्वचषक फुटबॉलच्या ब्राझील-इटली अंतिम सामन्यापूर्वी व नंतर दोन्ही संघांच्या काही चाहत्यांची लाळ तपासली असता जिंकलेल्या ब्राझीलच्या चाहत्यांत हॉर्मोन वाढलेले व इटलीच्या चाहत्यांत उतरलेले आढळले. पाहणी लहान होती, पण कोल्हापूरकरांना तिच्यात नवल वाटू नये. तेथील कित्येक तालमी आता फुटबॉल संघांच्या रूपाने ओळखल्या जातात आणि पाटाकडील, दिलबहार वा खंडोबा तालमीचा सामना शाहू मैदानावर असतो त्या दिवशी पेठांपेठांतून जो आवेश संचारतो, त्यात चेंडूला पाय न लावलेलेच अधिक असतात.

हॉर्मोन माणसाला काय करावयास लावते, याचे उत्तर समाज कशाला मान देतो यावर पुष्कळसे अवलंबून दिसते. स्वित्झर्लंडमध्ये आयसेनेगर, फेर व त्यांचे सहकारी यांनी १२१ स्त्रियांवर केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पैशांच्या वाटणीच्या एका खेळापूर्वी काहींना टेस्टोस्टेरोन, तर इतरांना निष्क्रिय औषध दिले होते. कोणाला काय मिळाले, हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्यांना खरोखर टेस्टोस्टेरोन मिळाले त्यांनी अधिक न्याय्य वाटणी केली. आपल्याला टेस्टोस्टेरोन मिळाले असावे, असे ज्यांना वाटत होते त्यांनी, ते मिळालेले असो वा नसो, अधिक अन्याय्य वाटणी केली. हॉर्मोनाने मान राखण्याची इच्छा वाढविली असावी आणि त्या खेळात मान न्यायाने राखला जात होता, असा याचा एक अर्थ लावतात. भांडखोरपणा आणला तो हॉर्मोनाविषयीच्या समजुतीने.

फिलिपीन्समधील सेबू येथे ६२४ तरुणांना काही वर्षे पाहून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरुवातीस ज्यांचे टेस्टोस्टेरोन अधिक होते त्यांना पुढे जोडीदार व मूल होण्याची शक्यता अधिक होती, आणि बाप झाल्यावर त्यांचेच टेस्टोस्टेरोन अधिक उतरले. रोज तीन तास वा अधिक वेळ मुलाची देखभाल करणाऱ्यांत ते सर्वांत कमी होते. लेकरू कडेवर घेणाऱ्या बापाच्या पुरुषत्वाची थट्टा करणाऱ्यांनी ही उतरण शरीराच्या नेहमीच्या व्यवस्थेचाच भाग आहे, हे ध्यानात घ्यावे.

स्त्रिया व टेस्टोस्टेरोन : स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन हे टेस्टोस्टेरोनापासूनच बनते. त्याची अल्प मात्रा कामेच्छा टिकविण्यास मदत करते. अंडकोशांच्या एका सामान्य विकारात ते वाढून पाळीची अनियमितता, मुरुमे व चेहऱ्यावर केस ही लक्षणे दिसतात. यौवनारंभानंतरच्या हॉर्मोनामुळे सरासरी पुरुष सरासरी स्त्रीहून अधिक स्नायुबल मिळवितो, म्हणून क्रीडास्पर्धांत स्त्रियांचा गट वेगळा ठेवतात. परंतु त्या गटाची सीमा हॉर्मोनाच्या आकड्याने आखावी काय, हा वाद मिटलेला नाही. भारताची धावपटू द्युती चंद हिच्या अर्जावर क्रीडा लवादाने २०१५ मध्ये अशा नियमास स्थगिती दिली होती. पुढे नियम अनेकदा बदलले. स्नायू केवळ हॉर्मोनाने बनत नाहीत, याची साक्ष महाराष्ट्रातील महिला मल्लांनीही दिली आहे. २०२३ मध्ये सांगली येथे झालेली पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रतीक्षा बागडी हिने जिंकली.

बाहेरून घेतलेले हॉर्मोन : शलेंदर भसीन व सहकारी यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४३ पुरुषांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिग्रॅ. टेस्टोस्टेरोन एनँथेट किंवा निष्क्रिय औषध टोचण्यात आले. व्यायामाविना हॉर्मोन घेणाऱ्यांचे वसारहित वजन सुमारे ३.२ किग्रॅ., तर व्यायामासह घेणाऱ्यांचे ६.१ किग्रॅ. वाढले, त्यांच्या रागात वा मनःस्थितीत फरक दिसला नाही. हॉर्मोन स्नायू वाढविते, ही गोष्ट यामुळे निर्विवाद ठरली आणि म्हणूनच मोह निर्विवाद झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९७५ मध्ये अशी स्टेरॉइडे निषिद्ध ठरविली व १९७६ च्या माँट्रिऑल सामन्यांपासून त्यांची तपासणी होऊ लागली. भारतात २०२२ मध्ये उत्तेजक द्रव्यविरोधी कायदा झाला. तथापि तपासणी पदकाच्या स्पर्धकाची होते. गल्लीतील व्यायामशाळेत दंड फुगवू पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाची कोणी करीत नाही.

त्या मुलाच्या शरीरात पुढे काय होते, ते वर सांगितलेल्या उलट-नियंत्रणावरून कळते. बाहेरचे हॉर्मोन भरपूर दिसताच पोष ग्रंथी गप्प बसते, वृषण आकसतात व शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ थांबते. ही गोष्ट इतकी भरवशाची आहे, की दर आठवड्याला २०० मिग्रॅ. टेस्टोस्टेरोन एनँथेट टोचून ते पुरुषांसाठी संततिप्रतिबंधक म्हणून वापरता येते काय, याचा बहुदेशीय अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेने केला व १९९० मध्ये प्रसिद्ध केला. पौरुष वाढावे म्हणून घेतलेली सुई अशा रीतीने मूल न होण्याची सुई ठरते. अतिरिक्त हॉर्मोनाचे इस्ट्रोजेन होऊन छाती स्त्रीसारखी फुगते. ज्याची उंची अजून वाढावयाची आहे त्याच्या हाडांची वाढ अकाली थांबते. रक्त दाट होणे व हृदयाचे विकार हे धोके याहून गंभीर आहेत. तोंडाने घेण्याच्या काही प्रकारांनी यकृतास इजा होते. औषध थांबविल्यावर वृषण बहुधा पूर्ववत होतात, पण त्यास कित्येक महिने लागतात. त्या काळात थकवा व खिन्नता येऊन तरुण पुन्हा सुईकडे वळतो.

उतारवय व उपचार : वयाच्या तिशी-चाळिशीनंतर टेस्टोस्टेरोन दर वर्षी सुमारे एक टक्क्याने उतरते. स्त्रीच्या ऋतुनिवृत्तीप्रमाणे ते एकदम थांबत नाही व पुष्कळ पुरुषांना त्याची जाणीवही होत नाही. लठ्ठपणा व मधुमेह यांमुळे ही उतरण जलद होते आणि वजन घटविल्यास पातळी काही अंशी परत चढते. वृषण किंवा पोष ग्रंथी यांच्या रोगामुळे हॉर्मोनच बनत नसेल, तर ते औषधरूपाने देणे आवश्यक असते. ज्या मुलाला वास येत नाही व सोळा-सतराव्या वर्षीही मिसरूड फुटत नाही, त्याच्यात बहुधा अधोथॅलॅमसाचा जन्मजात दोष असतो व त्याला उपचाराने पुरुषी शरीर लाभते. अशा मुलांना ‘उशिरा होईल’ म्हणून घरी बसवून ठेवल्याने नुकसान होते. याउलट अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाची वाढ या हॉर्मोनावर पोसते. चार्ल्स हगिन्झ यांनी १९४१ मध्ये वृषण काढून हा रोग मागे हटविता येतो, हे दाखविले व त्याबद्दल त्यांना १९६६ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आता हा परिणाम अधोथॅलॅमसाच्या संकेतांसारख्या औषधांनी, शस्त्रक्रियेवाचूनही साधतात. [→ अष्ठीला ग्रंथी; जनन तंत्र].